नावापुरतं सूचिपर्णी

बदलापूरजवळच्या चामटोलीत हिरामण गायकरच्या अंगणातलं झाड जांभूळ नाही, कोकम नाही, दालचिनी नाही, आणि ‘बहुतेक चिकूचीच कुठलीतरी जात’ तर मुळीच नाही, हे सांगून सांगून हिरामण टेकीला आला होता.

सुरुवातीला तो हातातलं काम ठेवून समजावून सांगायचा. “हे सूचिपर्णी आहे. देवदार, चीड यांच्या भावकीतलं.” ऐकणारा झाडाकडे बघायचा. बोटापेक्षा थोडी लांब, दोन बोटं रुंद, तेल चोपडल्यासारखी चकचकीत पानं. मग तो हिरामणकडे बघायचा. सूचिपर्णी म्हणजे सुईसारख्या पानांचं, एवढं शाळेत सगळेच शिकलेले.

“सुया कुठे आहेत, काका?”

“याला नसतात.”

“मग शंकू तरी?”

“शंकूही नसतो. बोराएवढं फळ येतं. म्हणजे ते फळ नाही, बीच असतं. फळासारखं दिसतं एवढंच.”

इथपर्यंत आलं की माणूस हसायचा आणि हिरामणचं डोकं फिरायचं. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते मनापासून पटलेलं नव्हतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टूलरूमला टर्नर म्हणून त्याने छत्तीस वर्षं काढली होती. तिथे ड्रॉइंगवर जे लिहिलंय तेच हातातून उतरावं लागायचं. दोन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर जॉब भंगारात. आणि इथे नाव सुईचं, पान आंब्याचं, आणि शंकूच्या जागी बोर.

हा ताप त्याच्या डोक्याला लावला होता तेजलने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने. ती तिरुवनंतपुरमला वनस्पतींवर संशोधन करत होती. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आली ती मांडीवर तेलाचा अर्धा कापलेला डबा घेऊन, आणि त्या डब्यात वीतभर रोप. दोन दिवसांच्या प्रवासात तिने म्हणे ते एकदाही खाली ठेवलं नव्हतं. घरात आल्यावर आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिने पडवीतला पंखा बंद केला, रोपाला वारा लागू नये म्हणून.

हिरामणने त्याच आठवड्यात अंगणाच्या कोपऱ्यात केशर आंब्याच्या कलमासाठी खड्डा खणून ठेवला होता. दोन बाय दोन, तळाशी शेणखत, वर पालापाचोळा. निवृत्तीनंतरचा त्याचा सगळा बेत त्या खड्ड्यात होता. चार वर्षांत आपल्या दारचा आंबा खायचा, एवढाच.

तेजलने खड्डा बघितला. वर फणसाची सावली बघितली. “बाबा, तयारच आहे की सगळं!”

“ते आंब्याचं आहे.”

“आंबे बाजारात मिळतात. हे मिळत नाही. विंध्याच्या खाली, सगळ्या दक्षिणेत मूळचं सूचिपर्णी हे एवढं एकच आहे. बाकी बागांमधून दिसतात ती सगळी बाहेरची. हे आपल्या सह्याद्रीचं आहे. फक्त पार खालच्या टोकाचं.”

“मग खालच्या टोकाला सुखाने राहू दे. बदलापूरला आणून त्याचे हाल कशाला?”

“तिकडचं जंगल कमी होतंय. दुसरीकडे कुठे तगतं का, ते बघायचंय.” तिने डबा त्याच्या हातात दिला. “म्हणून माझा ज्यांच्यावर भरवसा आहे, अशाच माणसांना दिलंय.”

आता यावर बाप काय बोलणार? हिरामणने रोप लावलं. तिकडे त्याला निरंबाली म्हणतात, असं तेजलने सांगितलं. शेजारच्या घरातून पुतण्या सुदाम बघायला आला, त्याने ते ‘निंबाळकर’ असं ऐकलं, आणि तेव्हापासून कुंपणापलीकडून रोज सकाळी विचारपूस सुरू झाली. “काका, निंबाळकर उठले का?”

तेजलच्या सूचना दोन पानांच्या होत्या. पहिली तीन वर्षं थेट ऊन नको. पाणी साचायला नको, पण माती सुकायलाही नको. एप्रिल-मेमध्ये दिवसातून चार वेळा पानांवर फवारा. दर रविवारी उंची मोजायची, फोटो काढायचा, पाठवायचा. हिरामणने वैतागत का होईना, पण मोजायचं तर नीट मोजायचं म्हणून बुंध्याशेजारी सिमेंटमध्ये एक लोखंडी खुंटी पक्की बसवली. उंची त्या खुंटीच्या माथ्यापासून धरायची, म्हणजे माती वरखाली झाली तरी फरक पडत नाही. खोडाची जाडी व्हर्निअरने.

पहिल्या वर्षात झाड अकरा मिलिमीटर वाढलं.

अकरा. वेणूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच पावसाळ्यात न्हाणीमागे शेवग्याची एक फांदी नुसती खोचून ठेवली होती. तिला वर्षाच्या आत शेंगा आल्या. शेंगांची आमटी ताटात वाढताना ती काही बोलत नसे, पण दोन तुकडे जास्त घाली.

दुसऱ्या उन्हाळ्याआधी पानं पिवळी पडायला लागली. तेजल फोनवर मातीचा नमुना पाठवा, पानाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, असं सांगत राहिली. हिरामणचा धीर सुटला. तो बदलापूरहून गाडी पकडून उल्हासनगरला गेला. तिथे नर्सऱ्यांची एक ओळ आहे. त्यातल्या एका म्हाताऱ्या सिंधी शेठने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ‘सूचिपर्णी’ हा शब्द ऐकून लगेच तीन कुंड्या पुढे ओढल्या. एक मोरपंखी, मुलं विद्या म्हणून वहीत ठेवतात ते. एक ख्रिसमस ट्री. आणि एक, शेठच्या म्हणण्याप्रमाणे, खास देवदार.

“हे देवदार नाही, सुरू आहे,” हिरामण म्हणाला. “किनाऱ्यावर असतात ती झाडं.”

“देखने में तो वोही है ना, साईं.”

“दिसण्यावर जाऊ नका हो! दिसण्यावर जाऊनच सगळा घोळ झालाय!” हिरामण एवढ्या मोठ्याने बोलला की बाहेर गुलाबाचं रोप बघणारी बाई चपापली. त्याने मोबाइलवरचा फोटो शेठच्या नाकासमोर धरला. शेठने चष्मा वर केला, फोटो मोठा करून पानं बघितली, मग बुंध्याजवळची माती बघितली.

“मिट्टी कौनसी?”

“घर बांधताना भराव टाकला होता. मुरूम, डबर. त्यात शेणखत.”

“जंगल का बच्चा है, उसको तुम बिल्डिंग का मलबा खिलाता है.” शेठने फोन परत दिला. “दवाई नहीं लगेगी. जंगल का पत्ता लाओ, नीचे का, काला वाला, सडा हुआ. वो डालो. मेरे पास गोणी है, लेकिन सच बोलूं तो उसमें आधा कोकोपीट है. तुम तो जंगल के पास रहता है.”

एवढं खरं बोलणारा दुकानदार भेटल्यामुळे हिरामण आणखीच गोंधळला, आणि रिकाम्या हाताने जायचं बरं दिसेना म्हणून एक मोरपंखी घेऊन घरी आला. ती वेणूबाईने तुळशीजवळ ठेवली. ती जोमात वाढली, हे सांगायला नकोच.

बारवी धरणाच्या बाजूच्या ठाकूरवाडीतला चांगो दरवर्षी गायकरांकडे भात कापायला येई, आणि अधूनमधून रानभाजी घेऊन. हिरामणने त्याला कुजलेला पाला आणायला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला.

“पाला? दादा, पाल्याला कोनी गोणी घेऊन पाठवतं का? डोक्याला ऊन लागला तुमच्या.”

पण त्याने आणला. चार गोण्या, ओढ्याकाठच्या घळीतून, जिथे ऊन पोचत नाही. हिरामणने भराव उकरून काढला, तळहाताएवढ्या खुरप्याने, मुळांना धक्का न लावता, तीन दिवस. कंबर धरली. वेणूबाईने बाम चोळताना एवढंच म्हटलं, “माझ्या बाळंतपणात दोन दिवस रजा घेतली होती तुम्ही.”

आणि त्या पावसाळ्यात झाड हललं. शेंड्याला तांबूस कोवळी पानं जोडीने फुटली, मग दुसरी जोडी, तिसरी. दिवाळीपर्यंत ते सव्वीस सेंटिमीटर वाढलं. हिरामणने आकडा तीन वेळा तपासला. त्या रविवारी फोटो काढताना त्याने शर्ट बदलला, फोटोत फक्त झाडच येणार होतं तरी.

मग तिसरा उन्हाळा आला. बदलापूरला पारा त्रेचाळीसच्या वर गेला आणि नळाचं पाणी एक दिवसाआड झालं. हिरामण दुपारी बारा ते चार फणसाखाली खुर्ची टाकून बसायचा. शेडनेटवर ओलं गोणपाट, हातात फवाऱ्याची बाटली. वेणूबाई पिण्याच्या पाण्याचे हंडे मोजायची. दोघांचं पाण्यावरून रोज एकदा वाजायचं.

“माणसं मेली तरी चालतील,” ती म्हणायची, “निंबाळकर जगले पाहिजेत.”

“तू तरी निंबाळकर म्हणू नकोस!”

त्याच मे महिन्यात सुदामच्या मुलीचं, सोनियाचं लग्न होतं. मधलं कुंपण काढून दोन्ही अंगणांत मिळून हळदीचा मांडव घातला. हिरामणने मांडववाल्यांच्या मागे मागे फिरून झाडाभोवती चार बांबू ठोकून घेतले, दोरी बांधली, दोरीला लाल चिंधी बांधली. कोणी वायर टाकू नये, कोणी खुर्ची ठेवू नये, कोणी हात धुऊ नये. डीजेचे स्पीकर पलीकडे वळवून घेतले. सुदामने हे सगळं हसत करू दिलं. मांडववाला पोरगा दुसऱ्याला म्हणाला, “कोई देव है क्या उधर?”

संध्याकाळी पाहुणे जमायला लागले. हिरामण बदलापूर स्टेशनवरून नवरदेवाकडच्या मंडळींना रिक्षांत बसवून परत आला, तेव्हा बायका सोनियाभोवती जमल्या होत्या. पाटाजवळ तांदळावर कळस मांडला होता. त्यावर नारळ, आणि नारळाखाली पाच पानं.

हिरामण दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. आंब्याच्या पानाला मधोमध जाड शीर असते. या पानांना मधली शीर नव्हती. मग वळून धावत कोपऱ्यात गेला. बांबू जागेवर होते, दोरी होती, चिंधी होती. आत झाडाचा शेंडा नव्हता. तीन जोड्या पानं गेली होती आणि त्यांच्याबरोबर या वर्षीची सगळी वाढ.

पुढचं त्याला नंतर नीट आठवेना. लोकांनी सांगितलं ते असं, की तो मांडवात परत आला आणि ओरडला, “कोणी तोडलं हे?” डीजे चालू होता म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा त्याने वाकून नारळाला हात घातला.

त्याचं मनगट राजाबाईने धरलं. राजाबाई म्हणजे सुदामची आई, हिरामणची थोरली वहिनी. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हिरामण चार वर्षांचा होता. त्याला पाटी-दप्तर घेऊन शाळेत सोडायला तीच जायची.

“हात काढ,” ती म्हणाली. डीजे बंद झाला.

“वहिनी, हे झाड…”

“मीच तोरला. आंब्याचा झार उंच, माझा हात पोचंना, पोरं सगली नाचत होती. पाच पानं घेतली. त्याच्यात एवढा काय?”

“ती आंब्याची पानं नाहीत!”

“मना काय ठाव? हिरवी हायेत, पाच हायेत. देवाला चालली ती तुला चालंनात? नातीच्या हलदीत कलस हलवतोस, हिरामन?”

दीडदोनशे माणसं बघत होती. पाटावर सोनिया अर्धी हळद लावलेली, डोळ्यांत पाणी. वेणूबाईने त्याला दंडाला धरून घरात नेलं. लग्नाला तो गेला, अक्षता टाकल्या, जेवला. पण त्याच्याशी कोणी बोललं नाही, आणि त्यानेही कोणाशी बोलायचा प्रयत्न केला नाही. मांडव उतरल्यावर सुदामने कुंपण परत उभं केलं. आधी होतं त्यापेक्षा हातभर उंच. निंबाळकरांची चौकशी बंद झाली.

सगळ्यांत अवघड रविवार उजाडला. फोटो पाठवायचा होता. लग्नाला तेजलला रजा मिळाली नव्हती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. हिरामण मोबाइल हातात घेऊन तासभर झाडासमोर बसला. मग त्याने मेच्या पहिल्या आठवड्यातला फोटो शोधला आणि तो पाठवला. खाली लिहिलं, वाढ नाही. ते तसं खोटं नव्हतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि दिवसभर वेणूबाईवर कारण नसताना खेकसत राहिला. छत्तीस वर्षांत त्याने एकही जॉब खोटं माप लिहून पुढे ढकलला नव्हता. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या रविवारी तेजलचा फोन आला.

“बाबा, झाडामागची केळ परत उगवली का?”

“कुठली केळ?”

“आईने सांगितलं होतं, मांडवासाठी केळ कापली म्हणून. फोटोत तर घडासकट उभी आहे.”

हिरामणची नजर केळीच्या खुंटाकडे गेली. तेजल म्हणाली, “बारा जणांना बारा रोपं दिली होती मी. तुमचं धरून दोन राहिलीत. फोटो खोटा असेल तर एकच. मला नुसतं सांगा, किती राहिलीत?”

“दोन,” तो म्हणाला. “माझं मेलं नाहीये. शेंडा गेलाय.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. कळस, नारळ, वहिनी, सोनियाचे डोळे, सगळं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. पानांना हात लावू नये एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही, चिंधी बांधली तरी कळत नाही, ओरडलं की मात्र ओरडलेलंच सगळ्यांना दिसतं. तेजलने ऐकून घेतलं.

“मापं पाठवा,” ती म्हणाली. “आजची. खरी.”

त्याने मोजलं. उणे एकशे बेचाळीस मिलिमीटर. आकडा पाठवताना त्याला एवढं हलकं वाटलं, की लगेच दुसऱ्या क्षणी त्या हलकेपणाचाच राग आला.

जुलै संपता संपता तुटलेल्या जागेखाली दोन डोळे फुगले आणि दोन कोंब वर आले, समोरासमोर. तेजल म्हणाली, एक ठेवायचा, एक काढायचा, नाहीतर झाड पुढे दुबेळक्याचं होईल. कुठला? तुम्हीच बघून ठरवा. हिरामण आठ दिवस बघत होता. डावा जाड होता, उजवा सरळ. जाडी व्हर्निअरने मोजली, सरळपणाला ओळंबा लावला. शेवटी एका सकाळी वेणूबाई दाढीचं ब्लेड घेऊन आली, म्हणाली, “तुम्ही नाही केलं तर मी करते,” तेव्हा त्याने डावा काढला. दुपारच्या जेवणाला त्याला भूक नव्हती.

दिवाळीला तेजल आली. मांडीवर तेलाचा डबा.

हिरामणने तो दारातूनच बघितला. “हे काय?”

“दुसरं.”

“दुसरं कशाला?”

तेजलने चपला काढल्या, डबा सावलीत ठेवला, पाणी प्यायली. हे सगळं ती जरा जास्तच सावकाश करत होती. “बाबा, यांच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी असते. एकट्या झाडाला कधीच बी धरणार नाही.”

“हे तू आता सांगतेस? तीन वर्षांनी?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही पहिलंही लावलं नसतं.”

ते खरं होतं, म्हणून हिरामणने पुढचंच विचारलं. “बरं, मग आपलं नर की मादी?”

“ते मोहोर आल्याशिवाय कळत नाही.”

“कधी येतो?”

“वीस वर्षं. कदाचित पंचवीस.”

“मी सहासष्ट वर्षांचा आहे, तेजल!”

“हो ना. म्हणजे आता उशीर करून चालणार नाही.”

“आणि हे दुसरं? हे तरी काय आहे?”

“हेही नाही माहीत. दोन्ही नर निघाले तर तिसरं लावू.”

हिरामणने कपाळावर हात मारला, खरोखरीच, आवाज येईल असा. स्वयंपाकघरात वेणूबाईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून करंज्यांच्या परातीवर वाकली होती, खांदे गदगदत होते. “हसू नकोस,” तो ओरडला. “केशर आंब्याला यंदा मोहोर आला असता, माहितीये?”

आणि खरी पंचाईत पुढेच होती. दुसरं रोप पहिल्याच्या जवळपास हवं, वाऱ्याने पराग पोचतील एवढ्या अंतरात, आणि सावलीत. हिरामणच्या अंगणात फणसाची सावली एका झाडापुरती होती. उरलेली सगळी कुंपणापलीकडे पडायची. राजाबाईच्या अंगणात.

तेजल म्हणाली, “मी जाते विचारायला. मोठी काकू मला नाही म्हणणार नाही.”

“नको,” हिरामण म्हणाला. “बोललो मी होतो.”

पाच महिन्यांत पहिल्यांदा तो त्या फाटकातून आत गेला, डबा काखेत धरून. राजाबाई ओट्यावर नवे तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही. सुदाम आत होता, तो बाहेर आला, बापाच्या जागी असलेल्या काकाला बस म्हणावं की नाही ते त्याला ठरवता येईना, आणि तो तसाच परत आत गेला.

“वहिनी, त्या दिवशी मी कळसाला हात लावायला नको होता.”

सूप दोनदा वर गेलं, खाली आलं. “सोनियाला फोन कर नं तिला सांग. मना काय सांगतोस? मी तुझी आई नाय.”

“करतो.”

“आत्ता कर.”

त्याने उभ्या उभ्या फोन लावला. सोनिया सासरी होती, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ती म्हणाली, “आजोबा, हळदीच्या व्हिडिओत तुम्ही नारळाला हात घालता तेवढाच भाग सगळे परत परत बघतात. माझे सासरे तर रोज.” आणि ती हसली. हिरामणला ते हसणं जिव्हारी लागलं, पण फोन ठेवताना छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

“आता त्या डब्यात काय हाये?” राजाबाईने विचारलं.

त्याने सांगितलं. नर, मादी, वीस वर्षं, सावली. तिने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि रोपाचं एक पान बोटांत धरून उलटंपालटं केलं. हिरामणने डब्याला दुसरा हात लावला.

“लगीन लावतोस म्हन की त्याचा.”

“असंच काहीतरी.”

“नं नवरा कोन, नवरी कोन, तेच ठाव नाय.”

“नाही.”

“वीस वरसं थांबायचा.”

“हो.”

ती इतकी हसली की सुदाम पुन्हा बाहेर आला. मग डोळे पुसून ती म्हणाली, “लाव. पन आयक. माझ्या अंगनातल्या झाराला पानी मी घालनार. तू येऊन ती तुझी पट्टी नं पकड लावत बसायचा नाय. मना सुतारकाम नको दारात.”

“वहिनी, मोजायला तर लागेल.”

“मी मोजीन.”

हिरामणने तेजलकडे बघितलं. ती फाटकात उभी होती आणि जोरजोरात मान हलवून हो म्हणत होती. काय करणार? त्याने खड्डा खणला, चांगोकडून आणखी दोन गोण्या पाला आणवला, रोप लावलं आणि फाटकाबाहेर आला.

त्यानंतरचे तीन आठवडे त्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. कुंपणाच्या फटीतून त्याला दिसायचं. राजाबाई सकाळी भरलेली बादली आणायची आणि सगळी एका दमात ओतायची. “वहिनी, पाणी साचतंय!” तो इकडून ओरडायचा. “माझ्या अंगनात साचतंय,” तिकडून उत्तर यायचं. तिने बुंध्याशी एक झेंडूही लावला, रोपाला सोबत म्हणून. तिने शेडनेटची एक बाजू वर गुंडाळून ठेवली, त्याला रस्त्यावरची माणसं दिसावीत म्हणून. हिरामण वेणूबाईला जाऊन सांगायचा, वेणूबाई म्हणायची, “मग तुम्ही बोला तिच्याशी.” तो म्हणायचा, “बोलतोच आहे की, दिवसभर तेच तर करतोय.”

रविवारी सकाळी तो फणसाखाली बसून आपल्या झाडाचं माप लिहीत होता. सातशे एकोणीस. तेवढ्यात पलीकडून राजाबाईचा आवाज आला. ती फोनवर होती, आणि फोनवरचं माणूस तिरुवनंतपुरमला आहे म्हणून तिने आवाजही त्या मानाने मोठा लावला होता.

“हा, तेजल. बरा हाये. लय चांगला हाये. आलं तवाशी वीतभर वाढलं!”

हिरामणची पेन्सिल थांबली. वीतभर? तीन आठवड्यांत?

“तुझ्या बाबाचा? त्याचा काय, हाये तसाच हाये. माझा त्याच्या पुढं जाईल बघ. लिही तू, वीतभर.”

“लिहू नकोस!” हिरामण जागेवरून ओरडला. “तेजल, लिहू नकोस काही! वहिनी, कुठल्या वितीने मोजलंत? कुठून कुठपर्यंत?” आणि उत्तराची वाट न बघता त्याने पायांत चपला सरकवल्या, व्हर्निअर खिशात टाकलं, उंची मोजायचं हाइट गेज उचललं आणि तरातरा फाटकाकडे निघाला. राजाबाईने त्याला येताना बघितलं, फोन कानाला तसाच ठेवून पायाने एक पाट त्याच्यासाठी झाडाजवळ सरकवला, आणि आत बघून सुनेला हाक मारली, “चहा टाक गो, आला तो.”